दहा काट्यांचा मासा

१

चोरी झाली ती एका माशाची, आणि त्या माशाला मरूनही सहा वर्षं झाली होती. पोलिसात गेलं तर ठाण्यातला हवालदार आधी विचारणार, तळला होता की रस्सा केला होता. म्हणून संस्थेचे अध्यक्ष गुंडप्पा यांनी पोलिसांचा विषय बाजूला ठेवला आणि गंगासागर मॅडमना निरोप धाडला.

गंगासागर मॅडम धर्मापुरीजवळच्या त्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून सात वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. तोंडाने फटकळ, गुडघ्यांनी अधू, आणि कॉपी करणारा पोरगा नुसता पाठमोरा पाहून ओळखणाऱ्या. मे महिन्याच्या उन्हात त्या गुंडप्पांच्या आडत दुकानात पोहोचल्या तेव्हा अध्यक्ष कपाळावरच्या भस्मावरून घामाचे ओघळ पुसत बसले होते. ताक आलं, गार पाणी आलं, मग विषय आला.

प्राणिशास्त्र विभागात बरण्यांची एक खोली होती. त्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटातून मासा गेला होता. किल्ल्या दोनच. एक विभागप्रमुख विश्वेश्वर सरांकडे, दुसरी सटवा देवकते या प्रयोगशाळेतल्या शिपायाकडे. कोकणातल्या कुठल्याशा संग्रहालयाने तपासणीसाठी मासा मागवला, तो पाठवायला म्हणून सोमनाथ या तरुण प्राध्यापकाने सटवाकडून किल्ली घेऊन कपाट उघडलं, तर बरणी रिकामी. सोमनाथने लेखी तक्रार दिली. सरांवर कोण संशय घेणार? कमिटीने सटवाला घरी बसवलं. त्याच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते, आणि सोमवारी त्याला बडतर्फ करायचा ठराव होता.

"मला माशातलं काही कळत नाही बाई, आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही," गुंडप्पा म्हणाले. "पण छत्तीस वर्षांत त्या माणसाने कॉलेजची टाचणी उचलली नाही. मी त्याला विचारलंच. म्हणाला, मालक, लेकीला कोन चोरतं का?"

मॅडमनी ताकाचा पेला खाली ठेवला. त्या माशाचं नाव त्यांना ठाऊक होतं. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. शास्त्राच्या पुस्तकात त्या माशाला धनश्री देवकतेचं नाव होतं, आणि धनश्री ही सटवाची एकुलती एक लेक, पाच वर्षांपूर्वी वारलेली.

२

बरण्यांच्या खोलीत फॉर्मलिनचा वास डोळ्यांत शिरत होता. सोमनाथ दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. पोरगा हुशार होता, सरळही होता, पण सरळ माणसाला कधी कधी दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही तसं त्याचं होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट त्याने थोडक्यात सांगितली. तिसऱ्या वर्षाची सहल हर्णै बंदराला गेली होती. धनश्रीने तिथे कोळिणीकडून एक हेकरू विकत घेतला. हेकरू म्हणजे खडकात राहणारा, जाड ओठांचा, ठिपकेदार मासा. पोरीने तो थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरभरून बीड जिल्ह्यापर्यंत आणला. पुढच्याच वर्षी पुण्याला प्रवेशाच्या मुलाखतीला निघालेली असताना मांजरसुंब्याच्या फाट्यावर टँकरने तिला उडवलं. सरांनी तिच्या माघारी त्या माशाचा अभ्यास केला, तो नव्या जातीचा ठरवला आणि तिचं नाव दिलं. एपिनेफेलस धनश्रीए.

"नवी जात कशावरून?" मॅडमनी विचारलं.

सोमनाथने छापील निबंध पुढे केला. एपिनेफेलस गटातल्या अशा ठेवणीच्या माशाच्या पाठीवर अकरा टणक काटे असतात, याला दहाच होते. शिवाय तिसऱ्या आणि चौथ्या काट्यामध्ये नेहमीपेक्षा रुंद अंतर. असा मासा जगात हा एकच, म्हणून तोच त्या नावाचा मूळ नमुना. कुणालाही शंका आली तर याच माशापाशी यायचं. मॅडमना हे शिकवायला नको होतं, वनस्पतींच्या नावांचाही तोच कायदा. मूळ नमुना गेला की नाव दोरी तुटलेल्या बादलीसारखं विहिरीत पडून राहतं.

"आणि शंका तुम्हाला आली," त्या म्हणाल्या.

"आली. संग्रहालयाला मीच लिहिलं. एवढ्या फॉर्मलिनमध्ये मुरलेल्या माशातून डीएनए धड निघत नाही, म्हणून ते एक्स-रे काढून हाडं मोजणार होते. मॅडम, मला सरांचं वाईट करायचं नव्हतं. एका माशावर जात उभी करू नये, एवढंच माझं म्हणणं."

मॅडमनी रिकामी बरणी उजेडात धरली. ती नुसती रिकामी नव्हती, धुऊन पुसून कोरडी करून झाकण लावून ठेवली होती. खाली थेंब नाही, डाग नाही. माशाला दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठीही माशाबरोबरच गेली होती. मग त्या फडताळापाशी गेल्या. बाकीच्या बरण्यांवर बोटभर धूळ होती, पण माशांच्या आणि बेडकांच्या बरण्यांची समोरची बाजू कुणीतरी नुकतीच पुसली होती, आत बघायला पुसतात तशी. आत धरणातल्या चिलाप्या होत्या, जुनाट, पांढऱ्या पडलेल्या. एकीचा पाठीवरचा काटा मोडका. दुसरीचाही. बेडकाच्या मागच्या डाव्या पायाचं एक बोट नव्हतं.

"माल फार खराब ठेवलाय तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"मी यायच्या आधीपासून असाच आहे," सोमनाथ म्हणाला.

चिलापीचा मोडलेला काटा डोक्याकडून चौथा होता. दुसऱ्या चिलापीचाही चौथाच. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि तिसरी बरणी ओढली.

३

विश्वेश्वर सर घरी झोपाळ्यावर बसले होते. पंधरा दिवसांत माणूस इतका उतरलेला मॅडमनी पाहिला नव्हता. सरांनी सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली, अगदी व्यवस्थित. किल्ली नेहमी खिशात असते. मासा शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. सटवावर त्यांचा संशय नाही, कमिटीला तसं त्यांनी सांगितलंय.

"लिहून दिलंत?"

"तोंडी सांगितलं."

तीस वर्षं ज्यांनी चिठ्ठीशिवाय झुरळही बरणीत ठेवू दिलं नाही, ते तोंडी सांगून गप्प बसले होते. मॅडमनी ते मनात नोंदवलं आणि संग्रहालयाच्या पत्राबद्दल विचारलं. सरांनी डोळे मिटून घेतले. पत्र महिन्यापूर्वीच आलं होतं, म्हणाले, उत्तर द्यायचं राहून गेलं.

मग सरांच्या पत्नी रुक्मिणीबाई पन्हं घेऊन आल्या आणि गाऱ्हाणं सुरू झालं. यंदा कैऱ्या बऱ्या मिळाल्या, पण लोणचं प्लास्टिकच्या डब्यात घालावं लागलं. सासूबाईंची चिनी मातीची मोठी बरणी यांनी कॉलेजात नेली, काय तर म्हणे प्रदर्शनाला पाहिजे. बरणी कधी आणणार विचारलं तर अंगावर येतात. सरांनी बायकोकडे असं पाहिलं की ती माउली अर्ध्यावरच आत गेली.

मॅडमनी पन्हं संपवलं. दारात चप्पल घालताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की सर, सुट्टीत कुठलं प्रदर्शन लावलं?

 झोपाळ्याची कडी करकरायची थांबली.

४

सटवाची वस्ती गावाबाहेर होती. भावाची मेंढरं बाभळीखाली बसली होती आणि सटवा एक कोकरू मांडीत धरून त्याच्या डाव्या कानाला कात्री लावत होता. कोकराने एकदा अंग काढलं, मग शांत झालं. सटवाने कानाला हळद दाबली आणि मॅडमना बाज टाकून दिली.

"ही आमची खून हाय," तो म्हणाला. "देवकत्याचा काप डाव्या कानाला. दुसऱ्याची येगळी. रानात धा कळप एक हुत्यात मॅडम. खून नसंल तर आपलं हाय म्हून कोन मानंल?"

माशाबद्दल त्याला फार विचारावं लागलं नाही. किल्ली त्याच्या कडदोऱ्यालाच असते. सुट्टी लागेपर्यंत रोज सकाळी तो ते कपाट पुसायचा. इतर बरण्यांवर धूळ साचली तरी त्या एका कपाटाची काच लखलखीत असायची. मासा नवा, म्हणजे आधी कुणी पाहिलेला नाही, एवढंच त्याला सरांनी सांगितलं होतं. इंग्रजी कागदात काय लिहिलंय ते त्याने कधी विचारलं नाही. लेकीचं नाव कुठे आहे तेवढं बोट ठेवून दाखवून घेतलं होतं, आणि तो कागद काचेत घालून देवाशेजारी लावला होता.

"चोर म्हनले तरी चालंल," तो म्हणाला. "पन मासा सापडला पायजे. तेवडंच उरलंय तिचं. फोटू बी धड न्हाई आमच्याकडं."

त्याची बायको कडूबाई उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवून उंबऱ्यात बसली होती.  ती एकदम म्हणाली, "पोरगी परळीत हाय."

सटवाने मान खाली घातली. आठ दिवस झाले ती हेच म्हणते, तो पुटपुटला, हात मोडल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय.

"माज्या डोस्क्याला काय न्हाई झालं. मी एक्स-रे काढाया गेलते. त्या बाईनं मशिनीत नाव घातलं आन मला इचारलं, धर्मापुरीची धनश्री देवकते तुमच्यातलीच का? तिचा फोटू काडून ठिवलाय, न्याया कुनी आलं न्हाई." कडूबाईने मॅडमचा हात धरला. "मागच्या म्हैन्यात काडलाय म्हनली. मेलेल्या मान्साचा एक्स-रे काडत्यात का वो?"

५

परळीच्या त्या एक्स-रे सेंटरवर कोपऱ्याएवढी जागा आणि बाकावर मोडक्या हातापायांची गर्दी. मॅडमनी आत जाऊन सरळ धनश्री देवकतेची फिल्म मागितली. खिडकीतल्या बाईने नोंद पाहिली. नाव धनश्री सटवा देवकते, वय एकवीस, भाग पाठ.

एकवीस. त्या वयाला पोरगी गेली होती.

फिल्म कुणी काढून घेतली ते त्या बाईला माहीत नव्हतं. तिने आतल्या जुन्या तंत्रज्ञाला हाक मारली. तो आला, फिल्म पाहून ओशाळला आणि मॅडमना बाजूला घेऊन गेला. एक चष्मेवाले सर आले होते, म्हणाला, हातात स्टीलचा डबा. कॉलेजच्या अभ्यासाचं आहे म्हणाले. मशीन नाव आणि वय घातल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून त्यांना विचारलं की काय नाव टाकू. ते थोडा वेळ उभे राहिले आणि हे नाव सांगितलं. एक फिल्म बघून तिथेच बाकावर बसले. पाणी दिलं तरी घेतलं नाही. दुसरी प्रत न नेता गेले.

त्याने लिफाफा मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

काळ्या फिल्मवर पांढरा मासा होता. जबडा, मणक्यांची माळ, पाठीवरचे काटे. प्रत्येक काट्याच्या बुडाशी, मांसात रुतलेलं एक बारीक हाड, काटा ज्यावर बसतो ते. मॅडमनी काटे मोजले. दहा. मग बोटाने एकेक करत खालची हाडं मोजली, आणि पुन्हा शेपटीकडून उलटी मोजली. मग त्याही त्याच बाकावर बसल्या, एका मोडक्या पायाच्या माणसाशेजारी.

६

"खालची हाडं अकरा आहेत," मॅडम म्हणाल्या. "चौथी जागा रिकामी."

सरांनी मान हलवली. रविवारची दुपार होती. रुक्मिणीबाई देवळात गेल्या होत्या. माळ्यावरून सरांनी स्वतःच चिनी मातीची बरणी उतरवली, फडकं सोडलं. स्पिरिटमध्ये मासा होता, मऊ सुती कापडात गुंडाळलेला, चिठ्ठी दोऱ्याने तशीच बांधलेली.

मॅडमना सगळं सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं. शिकवायची सवय जात नाही. ज्याला मासा नाहीसा करायचा होता त्याने बरणी उचलून नेली असती, निदान चिठ्ठी तरी फेकली असती. इथे चोराने बरणी धुतली आणि चिठ्ठी माशापासून तोडली नाही. असं करणारा माणूस त्या कॉलेजात एकच. बरणीची चौकशी केली तर झोपाळा थांबला. मेलेल्या पोरीचं नाव एक्स-रेला दिलं, कारण त्याच्या लेखी त्या माशाला दुसरं नावच नव्हतं.

"तुम्ही फिल्म पाहिलीत आणि तुम्हाला कळलं की काटा होता. कुणीतरी काढला. मग तुम्ही खोलीत जाऊन एकेक बरणी पुसून पाहिलीत. चिलापीला चौथा काटा नाही. बेडकाला डावं बोट नाही. चौदा बरण्या मी पण पाहिल्या. प्रत्येकात काहीतरी एकच कापलेलं आहे, आणि दरवेळी तेच. काल मी सटवाला कोकराचा कान कापताना पाहिलं."

सर खुर्चीत बसले. एके वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या कॉलेजने नमुने नेले आणि परत करताना आपला सडका माल यांच्या बरण्यांत घालून दिला, ते म्हणाले. सटवाला बोलणी बसली होती. तेव्हापासून तो प्रत्येक नमुन्याला खूण करत असणार. कॉलेजची मेंढरं ती. इतर नमुन्यांचे काटे त्याने कडक झाल्यावर घाईत मोडले, म्हणून खुंट राहिले. हा मासा मात्र पोरीने आधी घरी नेला होता. ताजा होता. त्याने काटा बुडातून अलगद फिरवून काढला असेल, कातडं बोटाने मिटवलं असेल. फॉर्मलिनमध्ये ते असं आवळून बसलं की भिंगाखाली सुद्धा काही दिसलं नाही.

"लेकीचा मासा म्हणून जपून केलं त्याने," सर म्हणाले. "थोडा निष्काळजीपणा केला असता तर मला कळलं असतं. मी दहा मोजले. वीसदा मोजले. ते अंतर दिसलं, तेही मी लक्षण म्हणून लिहून टाकलं. साधा हेकरू आहे हो हा, बंदरावर ढिगाने मिळतो. शिकलेला मी, आणि मला पाहिजे होतं तेच मला दिसलं."

"आणि सटवाला चोर ठरू दिलंत."

"वाटलं होतं, माशासाठी कोण कोर्टकचेऱ्या करतंय. सोमनाथने लेखी दिलं आणि सगळं हाताबाहेर गेलं. कबूल व्हायचं तर का नेला ते सांगावं लागणार. मग त्याला कळणार की त्याच्या लेकीचं नाव त्यानेच पुसलं, स्वतःच्या हाताने. चोर म्हणवून घेऊन माणूस जगतो, गंगासागर मॅडम. हे ऐकून तो जगेल?"

मॅडमना संताप आला, आणि त्या संतापाला ठेवायला जागा नव्हती. एका चुकीच्या चिठ्ठीसाठी त्यांनी आयुष्यभर पोरांना नापास केलं होतं. त्यांनी माशाकडे पाहिलं, काचेत लावलेला तो कागद त्यांना आठवला, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोट्याला रुकार दिला. ठरलं ते असं. सरांनी सांगायचं की द्रव बदलायला मासा घरी आणला, आजारपणात विसरलो. सटवा कामावर जाईल. एक्स-रे कुणाला दाखवायचा नाही. संग्रहालयाला सर काहीतरी लिहितील, आणि जे व्हायचं ते सटवा निवृत्त होऊन घरी बसल्यावर, त्याच्या कानावर न जाता होईल.

त्या घरी आल्या तेव्हा त्यांना बरं वाटलं नाही, पण जेवण गेलं.

७

सोमवारी कमिटीसमोर टेबलावर लोणच्याची बरणी ठेवली होती. सर ठरल्याप्रमाणे बोलले. गुंडप्पांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चष्मा काढून सटवाची माफी मागितली. सटवा भिंतीला टेकून उभा होता, धुतलेला सदरा घालून. कडूबाईही आली होती. मासा मिळाला एवढंच दोघांना कळलं होतं, आणि सटवाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता.

तेवढ्यात सोमनाथ उठला. त्याचं म्हणणं साधं होतं आणि रास्त होतं. पंधरा दिवस मासा कुलपाबाहेर होता. चिठ्ठी तर कुठल्याही माशाला बांधता येते. हा तोच मासा कशावरून?

मॅडमनी हा प्रश्न गृहीत धरलाच नव्हता. त्या काही बोलणार तोच सटवा पुढे आला. गेल्या पंधरा दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता.

"त्योच हाय सायेब. मी वळखतो," तो म्हणाला. त्याने बाह्या सारल्या, मासा कापडातून सोडवून दोन्ही हातांवर घेतला, एखादं कोकरू घ्यावं तसा, आणि पाठीवर अंगठा फिरवला. तिसऱ्या काट्यानंतर अंगठा थांबला. "ही बगा माझी खून. हितला काटा म्या काडलेला हाय. कालिजातल्या समद्या मालाला करतो मी, पन ह्याला लई जपून केलती. ताजा व्हता तवाच, घरी. पोरगी आंघुळीला गेलती, तिला बी सांगितलं न्हाई. म्हनलं कुटंबी गेला तरी आपला हाय हे कळलं पायजे."

 सोमनाथने निबंधाची प्रत हातात धरली होती. त्याने खाली पाहिलं, तिसऱ्या आणि चौथ्या काट्यामधलं अंतर या ओळीवर त्याचं बोट गेलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने कागद हळूच उपडा घातला. तो मनाने दुष्ट नव्हता, पण त्याने ऐकलं होतं, आणि ऐकलेलं लपवणारा माणूस तो नव्हता. विश्वेश्वर सर खुर्चीवरून उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर निघून गेले.

गुंडप्पांना यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, झालं तर मग, यापेक्षा काय पुरावा पाहिजे, सटवा, उद्यापासून ये कामावर. लोक चहाला बाहेर गेले. सोमनाथ सगळ्यात शेवटी गेला, सटवाच्या बाजूने अंग चोरत.

सटवा मासा धरून तसाच उभा होता.

"मॅडम, सर कावून गेले?" त्याने विचारलं. "माज्याकडून काय चुकलं का?"

तीस वर्षांत गंगासागर मॅडमनी विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. आज गप्प बसावं असं फार वाटलं. पण संग्रहालयाला आता कळणार होतं, मग वर्तमानपत्रात येणार होतं, आणि मग चहाच्या टपरीवर कुणीतरी हसत हसत सटवाला सांगणार होतं. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, कडूबाईला शेजारी बसवलं, आणि सगळं सांगितलं. दहा काटे म्हणजे काय, अकरा म्हणजे काय. काहीही गाळलं नाही.

 मासा सटवाच्या मांडीवर होता आणि त्याचा अंगठा त्या रिकाम्या जागेवर होता.

"मंग नाव खोडत्यात का आता?"

"खोडत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "एकदा दिलेलं नाव पुसत नाहीत. साध्या हेकरूचं जे खरं नाव आहे, त्याच्याखाली लिहून ठेवतात. चुकून दिलेलं, म्हणून."

"कायमचं?"

"कायमचं."

सटवाने चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "चूक माजी, आन नाव तिचं."

 कडूबाईने न मोडलेला हात पुढे करून माशाच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, परळीत न्हवतीच तर पोरगी. सटवाने मासा पुन्हा कापडात गुंडाळला, चिठ्ठी बाहेर राहील असा, बरणीत ठेवला आणि फडकं बांधलं. गाठ त्याने दोनदा ओढून पाहिली. कडदोऱ्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली. उद्यापासून यायचंय, किल्ली राहू द्या, असं मॅडम म्हणाल्या, पण तो ऐकत नव्हता. तो बायकोला धरून उठवत होता, कारण बस दीडची होती आणि मोडक्या हाताने तिला एकटीला जिना उतरता येत नव्हता.